एसएचबीजी टेस्ट केली ती ठाण्यातली, नौपाड्यातली लॅब, नक्की जा

माझ्या धाकट्या बहिणीची पाळी वर्षभर पुढेमागे होत होती, हनुवटीवर केस यायला लागलेले, त्यात आधी एका लॅबमध्ये नुसतं टोटल टेस्टोस्टेरॉन (रक्तातलं एकूण पुरुषी हार्मोन) केलं, आकडा नॉर्मल आला आणि काउंटरवरूनच "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पाठवून दिलं. सहा महिने फुकट गेले हो! शेवटी गायनॅक मॅडमनी एसएचबीजी, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणाऱ्या प्रोटीनची टेस्ट, लिहून दिली आणि शेजारच्या काकूंनी राम मारुती रोडजवळच्या गल्लीतली ही छोटी लॅब सुचवली.

रक्त घेणाऱ्या ताईंनी सुई लावायच्या आधीच विचारलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, थायरॉइडचं काही आहे का. कारण गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने एसएचबीजी वाढतं, थायरॉइड जास्त असेल तरी वाढतं, मग आकडा फसवा येतो. आधीच्या ठिकाणी हे कोणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला तरी आम्ही मुद्दाम जाऊन पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटलो. त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने गोल काढून दाखवले, लिव्हर हे एसएचबीजी प्रोटीन बनवतं, टेस्टोस्टेरॉन त्याला घट्ट धरून बसतं, काही अल्ब्युमिन नावाच्या रक्तातल्या दुसऱ्या प्रोटीनला सैलसर चिकटलेलं, आणि एकदम मोकळं फिरतं ते जेमतेम १-२ टक्के. बहिणीचं एसएचबीजी कमी, म्हणून टोटल नॉर्मल असूनही मोकळं जास्त, आणि त्रास होतो तो या मोकळ्यामुळे. पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास) आणि इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा) असं बरेचदा दिसतं म्हणे.

आईने मध्येच विचारलं, कॉर्टिसोलचंही (ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन) असंच असतं का? तर मॅडम म्हणाल्या, हो, त्याचं प्रोटीन वेगळं, सीबीजी. आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल मंकीच्या रक्तात कॉर्टिसोल माणसापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, त्यांचं सीबीजी त्याला नीट धरत नाही, तरी माकडं ठणठणीत, कारण त्यांच्या पेशीच त्याला फारशी दाद देत नाहीत. हे ऐकून बहीण कितीतरी दिवसांनी मनापासून हसली, बघून मलाच भरून आलं.

लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पार्किंग विसराच, स्टेशनवरून रिक्षा करा. आम्ही सोमवारी फास्टिंग इन्सुलिनसाठी परत इथेच येतोय.