१०८४ की व्हीजीए : जुन्या संगणकाला कोणता मॉनिटर?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात व्हीजीएचा, म्हणजे आयबीएमच्या पीसीसाठी आलेल्या चित्र-मानकाचा, काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर अजून अधूनमधून दिसतो. कमोडोर कंपनीचा १०८४ हा जुना मॉनिटर मात्र नशिबानेच मिळतो. तरी मला विचाराल तर वाट पाहा आणि १०८४ घ्या.

कारण आहे ज्या आडव्या रेषांनी पडद्यावर चित्र काढलं जातं, त्यांच्या वेगाचं. अमिगा, बीबीसी मायक्रो यांसारखे ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक सेकंदाला साधारण १५,६२५ रेषा पाठवतात. आयबीएमने १९८७ साली आणलेलं व्हीजीए त्याच्या दुप्पट, म्हणजे ३१,५०० च्या आसपास मागतं. त्यामुळे अमिगा थेट जोडला तर बहुतेक व्हीजीए मॉनिटरवर चित्र स्थिरच होत नाही. मध्ये रेषा दुप्पट करणारं सर्किट लागतं. १०८४ कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेतून) संकेतही घेतो आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) संकेतही. त्यावर रेषांमधल्या बारीक काळ्या फटी दिसतात, आणि त्या काळचे संगणकीय खेळांचे चित्रकार तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून काम करत. ते पाहताना मला आजही भरून येतं.

डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या पीसीवरच्या खेळांना मात्र व्हीजीए मॉनिटरच हवा. तिथे ३२०×२०० ठिपक्यांच्या चित्रातली प्रत्येक रेष दोनदा काढली जाते, म्हणून ते भरीव दिसतं. सेगाचं ड्रीमकास्ट हे खेळांचं यंत्रसुद्धा योग्य केबलने त्यावर सुरेख चालतं.

एक विनंती. १०८४ परदेशातून आणणार असाल तर २३० व्होल्टचाच बघा. आणि कुठल्याही मॉनिटरचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा विजेचा दाब उरलेला असू शकतो.