अमेरिकेतलं रिक्रिएशनल पायलट सर्टिफिकेट आणि फ्लाइट रिव्ह्यू: पैसे आणि तास सत्कारणी लागतात का?

हौसेखातर उडणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या सरकारी हवाई नियामकाने) १९८९ मध्ये रिक्रिएशनल पायलट सर्टिफिकेट आणलं. हेतू चांगला होता. प्रायव्हेटला, म्हणजे नेहमीच्या खासगी पायलट सर्टिफिकेटला, उड्डाणाचे किमान ४० तास लागतात, इथे ३०: त्यात निदान १५ इन्स्ट्रक्टरबरोबर आणि ३ सोलो, म्हणजे एकट्याने. तरीही आज नव्याने शिकणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण वाचवलेले तास पुढे भरावेच लागतात. निघालेल्या विमानतळापासून ५० नॉटिकल मैलांच्या आत राहायचं. एकच एंजिन, तेही १८० हॉर्सपॉवरपर्यंत. विमान चौघांचं चालतं, पण सोबत प्रवासी एकच. रात्रीचं उड्डाण नाही, चाकं आत ओढली जाणारं विमान नाही, आणि जिथे टॉवरशी बोलणं सक्तीचं आहे त्या हद्दीत शिरायचं नाही. मैलांची आणि टॉवरची अट एंडॉर्समेंट (ट्रेनिंगनंतर इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, केलेली सही) घेतली की सुटते, पण मैलांच्या एंडॉर्समेंटसाठी प्रायव्हेटचंच क्रॉस-कंट्री ट्रेनिंग करावं लागतं. एवढं करूनही रात्र आणि दुसरा प्रवासी बंदच. मेडिकलमध्येही सवलत नाही: थर्ड क्लास वैद्यकीय सर्टिफिकेट किंवा बेसिकमेड ही त्याची सोपी पर्यायी पद्धत, म्हणजे प्रायव्हेटसारखंच. स्पोर्ट पायलट या आणखी खालच्या सर्टिफिकेटला मात्र २० तास पुरतात आणि मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. २०२५ च्या नव्या नियमांनी त्याला चार सीटची विमानंही खुली केली, प्रवासी एकच असला तरी. त्यामुळे मधली ही पायरी कुणासाठी ठेवली आहे, हेच कळत नाही.

फ्लाइट रिव्ह्यूचा, म्हणजे सर्टिफिकेट असलेल्या पायलटने इन्स्ट्रक्टरबरोबर ठरावीक काळाने करायच्या उजळणीचा, मुद्दा वेगळा. तो हवाच, पण नियमाची मांडणी गोंधळात टाकते. दर २४ कॅलेंडर महिन्यांत किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. 'कॅलेंडर' या शब्दाकडे नीट बघा: १० मार्च २०२४ ला झालेला रिव्ह्यू ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो. जमिनीवरच्या तासात एफएएच्या नियमावलीतल्या पार्ट ९१ चे सर्वसाधारण उड्डाण-नियम येतात, हवेत काय करून घ्यायचं ते इन्स्ट्रक्टर ठरवतो. खरी अडचण इथेच आहे. एक जण स्टॉल (पंखांची उचल तुटणं), आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, एंजिन बंद पडल्यावरची तयारी असं सगळं घासून घेतो, दुसरा चार चकरा मारून सही करतो. कागदावर दोन्ही सारखेच. म्हणून आधीच फोन करून काय काय घेणार ते विचारा, आणि स्वतःचं कच्चं काय आहे ते मोकळेपणाने सांगा.

यात नापास नसतं, हे फार जणांना माहीत नसतं. समाधान झालं नाही तर इन्स्ट्रक्टर रिव्ह्यूची सही करत नाही, तो वेळ लॉगबुकात ट्रेनिंग म्हणून लिहिला जातो आणि जुना रिव्ह्यू त्याच्या मुदतीपर्यंत चालू राहतो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. दोन महिने आधी गेलं तर दुसऱ्या फेरीला जागा राहते.

घोटाळा होतो तो वेगवेगळ्या मुदतींचा. रिव्ह्यू ताजा असला तरी प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात. रिक्रिएशनलवाल्यांसाठी शिवाय तिसरं घड्याळ: एकूण ४०० तासांपेक्षा कमी असतील आणि १८० दिवसांत पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून काहीच उडवलं नसेल, तर ट्रेनिंग आणि नवी एंडॉर्समेंट घेतल्याशिवाय कमांड घेता येत नाही. नियम म्हणून हा रास्त आहे, पण तो फक्त याच सर्टिफिकेटच्या गळ्यात का? कमी तासांचा, सहा महिने न उडालेला प्रायव्हेट पायलटही तितकाच गंजलेला असतो.

रिव्ह्यूऐवजी एफएएच्या विंग्ज या ऐच्छिक सराव-कार्यक्रमाचा एक टप्पा पूर्ण केला तरी चालतं: ज्ञानाचे तीन आणि उड्डाणाचे तीन उपक्रम. सराव वर्षभरात विभागला जातो, म्हणून मला हाच मार्ग जास्त पटतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंगवाल्यांची (फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी असलेल्यांची) प्रोफिशिअन्सी चेक, म्हणजे त्या कौशल्याची तपासणी, मात्र आपोआप रिव्ह्यू ठरत नाही. दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर इन्स्ट्रक्टरला आधी सांगा आणि दोन वेगळ्या एंडॉर्समेंट लिहून घ्या. मुदत टळलीच, तर कमांड इन्स्ट्रक्टरकडे देऊन रिव्ह्यूचं उड्डाण करता येतं. विमान एकट्याने इन्स्ट्रक्टरच्या विमानतळावर उडवत नेणं मात्र नियमबाह्य.