परक्या त्वचेचे कलम टिकवताना : अस्थिमज्जा की प्रतिपिंड?

प्रौढ उंदराच्या अंगावर परक्या त्वचेचे कलम आयुष्यभराच्या औषधांवाचून टिकवून दाखवायचे असेल, तर निवड बहुधा दोन पद्धतींपाशी येऊन थांबते. पहिलीत दात्याची अस्थिमज्जा आधी देऊन ग्राहीच्या, म्हणजे कलम घेणाऱ्या उंदराच्या, रक्तात दोघांच्याही पेशी एकत्र नांदू देतात. हे मिश्र कायमेरिझम. दुसरीत दात्याच्या पेशी टोचून त्याच सुमारास टी पेशींवरील सीडी १५४ या रेणूला अडवणारे प्रतिपिंड (विशिष्ट रेणूला चिकटणारी प्रथिने) देतात, म्हणजे टी पेशींना, परक्या ऊतीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, परकेपणाची ओळख पटली तरी चाल करून जाण्यासाठी लागणारा पूरक संकेत मिळत नाही. बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेदावर यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भांना परक्या पेशी टोचून जी सहिष्णुता, म्हणजे परकी ऊती न नाकारण्याची स्थिती, साधली, ती मूलभूत असली तरी प्रौढ प्राण्याच्या बाबतीत ती वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे ती पद्धत येथे बाजूला ठेवतो.

मी सुरुवात दुसऱ्या पद्धतीने केली आणि त्याचे कारण निव्वळ सोय हे होते. किरणोत्सार नाही, हाडांतून मज्जा काढण्याचा खटाटोप नाही. मोजकी इंजेक्शने, मग कलम, आणि आठवड्याभराने पट्टी सोडायची. काळ्या उंदराच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा मऊ तुकडा दिसू लागला की काम फत्ते झाल्यासारखे वाटते. माझी तक्रार त्या वाटण्याबद्दलच आहे. एका उंदराच्या कलमावर दीड महिन्यानंतरही दाट केस होते आणि मी त्याची नोंद यशस्वी म्हणून करून टाकली होती. पुढच्या आठवड्यात एका सकाळी कलमाची कड बोटाला कडक लागली, चिमटीत धरताच केस सुटून आले, आणि थोड्याच दिवसांत तेथे खपलीखेरीज काही उरले नाही. आदल्या दिवसापर्यंत त्याच्याकडे पाहून काहीही ओळखता आले नसते. कलम स्वीकारले गेले आहे की त्याचे मरण केवळ लांबले आहे, हे ही पद्धत आधी कळू देत नाही, आणि मला सर्वाधिक जाच झाला तो याचाच.

असे का होते, याचा एक धागा थायमसपाशी, टी पेशी जेथे तयार होतात त्या छातीतील ग्रंथीपाशी, सापडतो. प्रतिपिंडाचा अंमल ओसरल्यावरही थायमसमधून नव्या टी पेशी येतच राहतात आणि दात्याला ओळखणाऱ्या पेशी त्यांच्यातही असतात. ग्राहीचा थायमस आधीच काढून टाकला, तर याच पद्धतीने केलेली कलमे कितीतरी अधिक काळ टिकतात. मिश्र कायमेरिझममध्ये मात्र दात्याच्या पेशी थायमसमध्येही जाऊन बसतात, त्यामुळे त्यांच्यावर उलटू शकणाऱ्या नव्या टी पेशी बाहेर पडण्यापूर्वीच तेथे नष्ट होतात. निसर्गाने हा प्रयोग गुरांच्या जुळ्यांत आधीच करून ठेवला होता. गर्भात रक्त मिसळलेल्या भिन्न जुळ्यांत परस्परांच्या रक्तपेशी नांदतात, हे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले. मेदावर आणि त्यांचे सहकारी एकसारखी जुळी ओळखण्यासाठी त्वचेची अदलाबदल करून पाहू लागले, तेव्हा भिन्न जुळ्यांनीही एकमेकांची त्वचा स्वीकारली आणि ती कसोटीच फसली.

माझे पारडे अस्थिमज्जेच्या पद्धतीकडे ज्या गोष्टीने झुकले ती तशी क्षुल्लक आहे. शेपटीतून काढलेल्या थेंबभर रक्ताची फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून ओळखण्याची व मोजण्याची चाचणी) केली की दात्याच्या पेशींचे प्रमाण कळते, आणि ते सलग घसरू लागले तर कलमावर खूण उमटण्याआधीच सावध होता येते. अर्थात हा इशारा अचूक असतोच असे नाही. त्वचेची काही प्रतिजने (प्रतिकारशक्ती ओळखते ते रेणू) रक्तपेशींवर नसतात, त्यामुळे रक्तात कायमेरिझम असूनही त्वचा नाकारली गेल्याची उदाहरणे आहेत. किरणोत्सारासारख्या पूर्वतयारीचा ताण उंदरांना सोसावा लागतो, हेही खरे. पूरक संकेताचाच अभ्यास करायचा असेल, तर दुसरी पद्धत घेणे योग्यच. फक्त निरीक्षण शंभर दिवसांच्या पुढे न्यावे, आणि काळ्या सी५७ वाणाचे उंदीर या उपचाराला तुलनेने दाद देत नाहीत, हे आधीच धरून चालावे.

पद्धत कोणतीही घेतली, तरी त्याच उंदरावर तिसऱ्या, अनोळखी वाणाच्या त्वचेचे कलम अवश्य करावे. ते दोनेक आठवड्यांत गळून पडले नाही, तर आपण सहिष्णुता निर्माण केलेली नसून केवळ उंदराची प्रतिकारशक्ती दुबळी केलेली असते.