येशूला काय मानायचं? ठरवू पाहणाऱ्या नाशिककरासाठी

नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मेणबत्ती लावणारे, नवस फेडणारे कितीतरी हिंदू दिसतात. हात जोडायला आधी काही ठरवावं लागत नाही. पण 'हा माझा कोण?' असं मनाने विचारलं, की पर्याय पारखावेच लागतात.

थोर गुरू मानणं सर्वांत सोपं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने गांधीजी भारावले, तरी येशू हाच देवाचा एकमेव पुत्र, हे त्यांनी मानलं नाही. मात्र बायबलमध्ये मार्कच्या नावाने असलेल्या येशूचरित्राच्या दुसऱ्याच अध्यायात हा गुरू पक्षाघात झालेल्या माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली' असं सांगतो आणि ज्यू धर्मशास्त्री मनात धुमसतात: हा अधिकार तर देवाचा! त्याला निव्वळ गुरू मानायचं तर हा प्रसंग बाजूला ठेवावा लागतो.

अवतार मानणं आपल्या अंगवळणी पडलेलं. देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर लागते, कुणाचं काही बिघडत नाही. मला हा पर्याय सर्वांत कमी तपासलेला वाटतो. अवतार पुन्हा पुन्हा होतात. चर्च मात्र 'एकदाच, सर्वांसाठी' म्हणतं. त्यातलं 'एकदाच' काढलं तर मूळ दावाच उरत नाही.

इस्लाममध्ये ईसा हे मरियमचे पुत्र, मसीहा आणि मानाचे पैगंबर. पण देव नव्हेत, आणि त्यांना क्रुसावर मारलं गेलं नाही. एकेश्वरवाद म्हणून ही भूमिका अगदी स्वच्छ आहे. क्रुसाबाबत मात्र इतिहासकारांचा कौल उलट आहे. ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही रोमन अधिकारी पिलाताने येशूला दिलेल्या मृत्युदंडाची नोंद करतो.

राहिला देवपुत्र. हे ३२५ साली बिशपांच्या निकिया परिषदेत मतदानाने ठरलं, असं सर्रास ऐकू येतं. पण त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीच आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल आपल्या पत्रांत येशूला 'प्रभू' म्हणतो, मेलेल्यांतून उठलेला, म्हणजे पुनरुत्थित येशू ज्यांना दिसला त्यांची यादी देतो, आणि ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे, असं स्वतःच लिहितो. म्हणून निर्णय या पुनरुत्थानाच्या प्रश्नावरच करावा. माझा कल ते खरं मानण्याकडे आहे. मार्कमध्ये येशूचा क्रूस वाहायला धरलेला शिमोन शेतावरून येत असतो, आणि तो 'अलेक्झांडर व रूफ यांचा बाप' अशी ओळख दिलेली आहे. त्या मुलांना वाचक ओळखत असावेत, नाहीतर नावं कशाला? एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे खरं. पण ही नुसती दंतकथा आहे असं म्हणायला माझं मन धजत नाही.

आधी मार्क वाचा. दोन-तीन तासांत संपतो. बाप्तिस्म्याची घाई नको, घरच्यांवर जबरदस्ती तर नकोच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी.