पंपावर आधी गिऱ्हाईक की आधी नियम?

पेट्रोल पंप नव्याने चालवायला घेतलात की पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो. दुचाकीवाला सीटवरून न उतरताच टाकी उघडतो, मागे पोर बसलेलं, फोन कानाला. पोऱ्याने काय करायचं? टोकायचं की भरून मोकळं व्हायचं?

मी दोन्ही करून पाहिलंय. ‘भरून मोकळं व्हा’मध्ये संध्याकाळची रांग भरभर सरते, वाद होत नाहीत. पण टाकी मांड्यांच्या मध्ये, खाली तापलेलं इंजिन. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटण्याइतकी वाफ सोडतं आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खालीच रेंगाळते. भडका उडाला तर बसलेला माणूस उतरणार कधी?

‘उतरल्याशिवाय नोझल नाही’ म्हटलं की पहिले पंधरा दिवस ‘समोरच्या पंपावर तर देतात’ ऐकावं लागतं. काही जण जातातही. जाऊ द्या. सीएनजीच्या रांगेत बघा, आजीसकट सगळी गाडी निमूट खाली उतरते. तिथे दाब २०० बारच्या आसपास असतो हे कितीजणांना ठाऊक असतं? न उतरता गॅस भरलेला कुणी पाहिलेलाच नाही, एवढंच.

टँकर खाली होताना मात्र तडजोड नाहीच. आधी अर्थिंगची क्लिप, म्हणजे टँकरवर साठलेली स्थिर वीज जमिनीत जाते, मग पाइप. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल शिरतं तशी आतली वाफ बाहेर पडते. रांग रस्त्यावर गेली म्हणून शेजारचं मशीन एकदा मीच चालू ठेवायला लावलं होतं. काही झालं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही. आता टँकर पहाटे मागवतो.

नरमाई दाखवायला जागा भरपूर आहेत. झिरो दाखवा, पेट्रोल पुरेपूर येतंय का ते पाहायला कुणी पाच लिटरचं माप मागितलं तर कपाळाला आठी न घालता काढा, हवा-पाणी, स्वच्छ संडास ठेवा. बाटलीत पेट्रोल मागणाऱ्याची अडचण खरी असते, गाडी अर्ध्या किलोमीटरवर बंद पडलेली. बाटली नाही, पण ढकलायला एक पोरगा पाठवा.

आणि पोऱ्याने नाही म्हटलेलं गिऱ्हाईक ओरडत केबिनमध्ये आलंच, तर ‘दे रे, ओळखीचे आहेत’ एवढं म्हणू नका. उद्यापासून तो पोऱ्या कुणालाच नाही म्हणणार नाही.