नौपाड्यातला सी प्रोग्रामिंगचा क्लास: चार रविवारांनंतर

ठाणे स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा दोन खोल्यांचा क्लास आहे. मी तिथे गेले ते एकाच दुखण्यापायी. ऐरोलीच्या ऑफिसात पत्त्यांची लेबलं छापायला मी सीमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. गावाचं नाव त्याला पॅरामीटर म्हणून, म्हणजे प्रोग्राम सुरू करतानाच त्याच्या नावापुढे लिहून, द्यायचं. ठाणे, वाशी, ऐरोली, घणसोली, महिनाभर सगळं सुरळीत. कोपरखैरण्याचा पहिला पत्ता आला आणि प्रोग्राम कोसळला. अक्षरं सहा, मी जागा ठेवलेली वीस बाइटची. तीन रात्री डोकं फोडलं.

सरांनी ऐकून घेतलं आणि फळ्यावर मला ते नाव फोडून लिहायला लावलं: क, ओकार, प, र, ख, ऐकार, र, ण, एकार. नऊ चिन्हं. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे २७, आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून २८. स्ट्रलेन हे सीमधलं मजकुराची लांबी सांगणारं फंक्शन त्या शून्यापर्यंतचे बाइट मोजतं, अक्षरं नव्हे. घणसोली १९ बाइटमध्ये बसत होती, म्हणून महिनाभर निभावलं! हे उलगडलं तेव्हा मला खरोखर भरून आलं.

एखादी गोष्ट किती बाइटची ते सांगणारं साइझऑफ लावलं तर कुठल्याही नावाला ८ का येतात, हेही विचारलं. सर म्हणाले, “अगं, चिठ्ठीवर पत्ता लिहिलाय. चिठ्ठी मोजून घर केवढं ते कसं कळेल?” ती चिठ्ठी म्हणजे पॉइंटर, नाव मेमरीत कुठे आहे तो पत्ता, आणि ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर ८ बाइटचाच असतो. मग ‘नवी मुंबई’ अवतरणाशिवाय देऊन दाखवलं: दोन पॅरामीटर झाले, ९ आणि १५ बाइटचे. अवतरणात दिल्यावर एकच, मधली मोकळी जागा धरून २५ बाइटचा. आर्गसी, म्हणजे पॅरामीटरची संख्या, आधी तपासायचा, त्यात प्रोग्रामचं स्वतःचं नावही मोजलेलं असतं, हे त्यांनी प्रत्येकाकडून करून घेतलं.

उणिवा आहेत. दहा जणांत सहा मशीन, बॅच वीस मिनिटं उशिरा सुरू होते, नोट्स फक्त इंग्रजीत. सगळं लिनक्सवर शिकवतात. विंडोजवर देवनागरी पॅरामीटर घेण्याची तऱ्हा वेगळी, ती इथे मिळणार नाही. साडेतीन हजार फी मला रास्त वाटली.

सोमवारी वीसचा आकडा काढून स्ट्रलेन अधिक एक एवढी जागा मागून घेतली, आणि दुपारी कोपरखैरण्याची लेबलं निघाली. जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप न्या.