नववा सिलिंडर

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही परभणीकर उगाच छाती फुगवून म्हणतो. फसण्यातही आम्ही मागं नाही, हे मी गेल्या दिवाळीत ७,२०० रुपये घालवून दाखवलं.

मला विमानांची मॉडेलं बनवायचा नाद आहे, त्यातही दोन महायुद्धांच्या मधल्या विमानांचा. स्पिटफायरचं किट कुठंही मिळतं. मला हवं होतं वेस्टलंड वापिटी. आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ला कराचीत ड्रिग रोडला उभी राहिली, ती चार वापिटींवर. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांकडं डीएच-९ए विमानांचे सुटे भाग ढिगानं पडून होते, ते वापरूनच नवं विमान करा असा हुकूम निघाला आणि वापिटी जन्मलं. शिळ्या भाकरीचा कुस्करा, पण चविष्ट. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक वापिटी आहे. त्याच्याभोवती मी इतक्या चकरा मारल्या की शेवटी रखवालदारानं हटकलं.

सेकंड हँड वस्तूंच्या जाहिरातीत एकानं लिहिलं होतं, ‘जुनं विमान, ओरिजिनल रेझिन किट, १/७२.’ म्हणजे साच्यात रेझिन नावाची राळ ओतून केलेले सुटे भाग, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापाचे. मी लगेच मेसेज टाकला, वापिटी आहे का? ‘हो दादा.’ मार्क टू-ए, म्हणजे त्याची टू-ए ही आवृत्ती? ‘टू-ए-च आहे दादा.’ इंजिन ज्युपिटरच ना? ‘ज्युपिटरच.’ बायको मागून वाचत होती. म्हणाली, “अहो, प्रश्नही तुमचे अन् उत्तरंही तुमचीच. तो नुसता हो म्हणतोय.” मी तिला गप्प केलं. फोटो आला होता ना! हिरव्या कटिंग मॅटवर सगळे भाग ओळीनं मांडलेले, कडा धारदार. ‘अजून दोघं मागतायत, रात्रीपर्यंत सांगा,’ असंही आलं. यूपीआयवर नाव दुसरंच दिसलं, तर म्हणे भावाचं खातं. मी पैसे पाठवले.

आठव्या दिवशी पार्सल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पिवळट रेझिन, पंखावर भाकरीला येतात तसे फोड. फूटपट्टी लावली. खऱ्या वापिटीचा पंखविस्तार १४.१५ मीटर, म्हणजे १/७२ला साधारण १९.६५ सेंटिमीटर भरायला हवा. भरला १९.२. कुणीतरी मूळ किटवर रबराचा साचा घेऊन त्यात रेझिन ओतलं होतं. रेझिन घट्ट होताना आकसतं, त्यामुळं नकलेची नक्कल आणखी बुटकी होते. ज्युपिटरला नऊ सिलिंडर असतात. मी तीनदा मोजले, आठच. नवव्याच्या जागी हवेचा बुडबुडा. डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, वाटीभर पाण्यात सोडले तर लाल-निळी रंगपंचमी झाली. घरच्या प्रिंटरवर छापलेले.

मेसेज केला तर तोवर ब्लॉक. सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०, माझ्या विमानांच्याच काळातला! पैसे गेले अन् वस्तू आलीच नाही, तर तिथं लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. माझं तसं नव्हतं. ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, “माल आला ना?” आला. “मग?” मी रुपयाच्या नाण्याएवढं इंजिन त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, एक सिलिंडर कमी आहे. त्यांनी आधी इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आता मी आधी सांगत नाही. ‘तुमच्याकडं नेमकं काय आहे?’ एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. पंखाशेजारी फूटपट्टी आणि माझं नाव, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागतो. निम्मे तिथंच गळतात. पार्सल फोडताना पोरगं मोबाइलवर व्हिडिओ काढतं.

मागच्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. तीच हिरवी मॅट, नाव नवं, किंमत ६,८००. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘मार्क टू-ए आहे का?’

‘हो दादा.’